निकेलवरचे डाग

"नाम पुराना डालना के नया, साब?"

गुलमंडीतल्या शिक्केवाल्या चाचांनी चष्म्याच्या वरून पाहत विचारलं आणि काउंटरवर कोपर टेकून निवांत उभा असलेला पुंडलिक शिंगाडे एकदम सरळ झाला. प्रश्नात तसं काहीच नव्हतं. संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं त्याला महिना उलटला होता. शहरातले सगळे शिक्केवाले, पाटीवाले, छापखानेवाले महिनाभर गिऱ्हाइकांना हेच विचारत असणार. "नया," तो म्हणाला. "तो लिख के दो पूरा. लंबा है, दो लाइन में बिठाना पडेगा." चाचांनी एक चिठोरं आणि बोटाच्या पेराएवढी उरलेली पेन्सिल पुढं सरकवली. पुंडलिकनं आधी रसायनशास्त्र विभाग लिहिलं, मग त्याखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे नाव महिन्याभरात आपण पन्नास ठिकाणी वाचलं, पण स्वतःच्या हातानं आज पहिल्यांदा लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्याचं अक्षर पहिल्यापासून तसंच होतं, गोल आणि सुटं, शाळेत मास्तर फळ्यावर सुविचार लिहायला त्यालाच उठवत. हेच अक्षर, हाच हात. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. चाचांनी चिठोरं डोळ्यांजवळ नेलं, अक्षरावर बोट ठेवून "खत अच्छा है आपका," म्हणाले आणि परवा यायला सांगितलं.

स्कूटर काढून तो कापडाच्या दुकानांमधून हळूहळू बाहेर पडला. खरं तर हे दिवस सुखाचे होते. सदतीस वर्षांच्या आयुष्यात आपल्याला इतकं बरं कधी वाटलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं. घरी वच्छला होती, सकाळी कामावर निघताना डब्यावर हात ठेवून "आज भात नाय, उगाच शोधू नका," असं सांगणारी. प्रयोगशाळेच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. आणि दिल्लीहून पत्र आलं होतं. सरकारची एक योजना होती: विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं एखाद्या छोट्या कारखान्याला सोबत घ्यायचं, दोघांनी मिळून त्याची एखादी खरी अडचण सोडवायची, तरच दोघांना निधी. प्रयोगशाळेला एकटीला नाही, कारखान्याला एकट्याला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं अर्ज केला तेव्हा विभागातले लोक हसले होते. कारखानदारीच करायची तर चिकलठाण्याला जागा घे की, असं एक ज्येष्ठ सहकारी चहा पिताना म्हणाले होते, आणि ते थट्टेनं म्हणाले तरी पुंडलिक खरोखरच चिकलठाण्याला गेला होता, शेडच्या रांगांमधून तीन दिवस भटकला होता. कुणी आत घेतलं नाही. प्रोफेसर आला म्हणजे काहीतरी तपासायला आला, असं वाटून लोक मालक बाहेरगावी गेल्याचं सांगत. चौथ्या दिवशी एका पत्र्याच्या शेडमधून एक माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "मालक मीच हाय. पण आधी हे बघा आन् मग बोला."

तो सांडू साळवे. त्यानं पुंडलिकच्या हातात स्कूटरच्या ब्रेकचा एक लिव्हर ठेवला होता. निकेलचं पाणी चढवलेला, आरशासारखा, आणि त्या आरशावर गोवर उठावा तसे बारीक पांढुरके डाग. सांडू एका मोठ्या कंपनीसाठी असे भाग करून द्यायचा. इथून निघताना माल लखलखीत असायचा, आठ दिवसांनी डाग उठायचे आणि पोती परत यायची. आयटीआय झालेला, दुसऱ्यांच्या कारखान्यांत बारा वर्षं काढून स्वतःचं शेड उभं केलेला माणूस, हाताखाली सहा जण, आणि आणखी दोन-तीन खेपा परत आल्या असत्या तर काम बंद. पुंडलिकनं विचारलं, "कशामुळं होतं असं वाटतं?" सांडू म्हणाला, "ते कळलं असतं तर तुमाला आत कशाला घेतलं असतं सर?" पुंडलिक हसला. त्याला हा माणूस तिथंच आवडला.

पहिल्या वर्षाचा निधी तोकडा होता, पण त्यातून उपकरणं आली आणि तो आठवड्यातून दोनदा शेडवर जाऊ लागला. चार महिने त्यानं निकेलची टाकी तपासली. आम्ल तपासलं, पॉलिशचं मेण तपासलं, आलेख काढले. काही सापडेना. रविवारी पेपर वाचतानासुद्धा त्याला अक्षरांवर पांढुरके डाग दिसायला लागले. मग एक दिवस सांडूनं एक वही आणून पुढ्यात टाकली. त्यात तो रोजचा माल लिहायचा, आणि परत आलेल्या मालापुढं फुली मारायचा. "सर, ह्या फुल्या बघा. एक दिवस हाय, एक दिवस नाय. एक दिवस हाय, एक दिवस नाय. मंग मी इचार केला, आपल्याकडं दिवसाआड काय येतं?" पुंडलिकनं वर पाहिलं. "नळाचं पाणी," सांडू म्हणाला. ज्या दिवशी नळाला पाणी नसायचं त्या दिवशी निकेल चढवलेला माल बोअरच्या पाण्यात धुतला जायचा. पुंडलिकनं उठून बोअरच्या बादलीत ओंजळ घातली आणि ते पाणी तोंडात घेतलं. मचूळ होतं, जिभेच्या कडांना धरणारं. मेंढरं नव्या पाण्यावर न्यायची झाली की त्याचा बाप सोनाजी कळपाला काठीनं थोपवून आधी स्वतः एक घोट घ्यायचा, थुंकायचा, आणि मग ठरवायचा. विद्यापीठात शिकवणारा मुलगा चार महिने आम्लात शोधत बसला आणि साधं पाणी चाखायचं विसरला, हे बापाला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता? बहुतेक काहीच नाही, फक्त घोंगडी झटकली असती. पुढचं काम प्रयोगशाळेचं होतं आणि ते पुंडलिकनं मन लावून केलं. त्या पाण्यातले कोणते क्षार वाळून मागं राहतात, निकेलच्या बारीक छिद्रांतून ते खालच्या लोखंडापर्यंत कसे पोचतात, किती गाळलं की पुरतं. शेवटच्या धुण्यासाठी गाळलेल्या पाण्याची एक टाकी बसली, फुल्या थांबल्या, आणि आता दुसऱ्या टप्प्यात त्याच रांगेतल्या वीस छोट्या शेडवाल्यांसाठी मिळून एक तपासणीची खोली आणि पाणी गाळायची सोय करायची होती. मंजुरी आली होती. मार्चअखेरच्या आत दोघांच्या सह्यांचा करार, संस्थेच्या चालू नावाच्या शिक्क्यासह, दिल्लीला पोचला नाही तर ती जाणार होती. एवढंच काम होतं आणि त्यासाठीच तो गुलमंडीला गेला होता.

पण घरी येऊन पाय धुताना, जेवताना, वच्छला कुणाच्या तरी लग्नाबद्दल सांगत असताना तो स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहत राहिला. सोळा वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठवड्याच्या आत सगळा मराठवाडा पेटला. तो तेव्हा एम.एस्सी.ला होता, वसतिगृहात राहायचा. खोलीत दुसरी खाट कडुबाची. कडुबा वेरूळकडच्या एका खेड्यातला, बौद्धवाड्यातला, वर्गात पुंडलिकच्या पुढं. प्रॅक्टिकलला दोघांत मिळून एक ब्युरेट असायची. कडुबा वरून थेंब सोडायचा, पुंडलिक खाली चंचुपात्र हलवायचा, आणि रंग बदलायच्या क्षणी दोघं एकदम "बस!" म्हणायचे. त्या दुपारी खोलीत चार-पाच मुलं आली. हातात ठरावाच्या विरोधातलं निवेदन, त्याखाली सह्यांच्या रांगा. कडुबाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "शिंगाडे, मारा सही." पुंडलिकला नावाचं खरं तर काहीच वाटत नव्हतं, हे पण नाही अन् ते पण नाही. पुढं कितीतरी वर्षं तो स्वतःला समजावत राहिला की आपल्या मनात तर विरोध नव्हताच, आणि मग कधीतरी त्याला कळलं की हेच जास्त वाईट आहे. मेंढक्याचं पोर, वसतिगृहात कसंबसं टिकलेलं, दारात उभी असलेली चार दांडगी मुलं. कागद पातळ होता, खाली धरायला काहीतरी हवं होतं. त्यानं हात लांब करून जवळची वही घेतली, मांडीवर ठेवली, तिच्यावर कागद ठेवून गोल सुट्या अक्षरात सही केली. मुलं गेल्यावर त्यानं पाहिलं, वही कडुबाची होती, प्रॅक्टिकलची. कडुबा खाटेवर बसून होता. तो काहीच बोलला नाही. त्यानं वही घेतली, पिशवीत घातली, कपडे भरले. त्याच्या गावाकडून बातम्या बऱ्या नव्हत्या. "येतो," एवढंच म्हणून तो गेला आणि पुन्हा आलाच नाही. त्याच्या वाड्यातली सात घरं जळाली, हे पुंडलिकला महिन्यानं कळलं. परीक्षेत पुंडलिक पहिला आला, कारण त्याच्या पुढं असणारा परीक्षेला बसलाच नव्हता.

आणि कडुबा काही हरवलेला नव्हता. तो गारखेड्यात राहायचा, एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. हे पुंडलिकला आठ वर्षांपासून माहीत होतं. आठ वर्षं तो गारखेड्याचा तो रस्ता टाळून लांबून वळसा घालत होता, आणि वच्छलाला वाटायचं की त्याला त्या बाजूचे खड्डे आवडत नाहीत.

शिक्का मिळाला त्याच दिवशी तो करार घेऊन शेडवर गेला. सांडूनं टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं होतं, कप मांडले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यानं कागद दोनदा वाचला. पुंडलिकनं सही करून नवा शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. दोन ओळी, स्पष्ट. सांडू बराच वेळ त्या जांभळ्या अक्षरांकडं पाहत राहिला. "ह्या दोन ओळींसाठी मी बावीस दिवस हर्सूलच्या जेलात होतो सर," तो म्हणाला, अगदी साधेपणानं, नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं. "मोर्चात धरलं. आयटीआयची परीक्षा बुडाली, मंग पुढच्या साली दिली." त्यानं सही करायला पेन उचललं. आणि पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं, "सांडूभाऊ, थांबा. आधी एक ऐका." पेन हवेत थांबलं. त्यानं सांगितलं. निवेदन, सही, वही, पहिला नंबर, सगळं, न थांबता, मध्ये सारवासारव न करता. सांगताना त्याला पत्र्यावर कुठंतरी कावळ्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता आणि वाटत होतं की आता हा माणूस पेन खाली ठेवील, वीस शेडवाल्यांची खोली, पाण्याची सोय, सगळं ह्या फडक्यावर संपेल. संपायलाच हवं असेल तर संपो, असंही वाटत होतं.

सांडूनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "माझ्या सहा माणसांतल्या दोघांनी त्या टायमाला आमच्या वस्तीवर दगड मारलेले हायत. मला ठावं हाय, त्यांनाबी ठावं हाय. आज ते निकेल चढवतात, मी पगार देतो, त्यातल्या एकाच्या पोरीच्या लग्नात मी जेवलो. माफ केलं म्हणून नाय. काम चांगलं करतात म्हणून." त्यानं पेनाचं टोपण काढलं. "पन सर, हे तुम्ही मला कशाला सांगता? वही माझी व्हती का? मी काय टपालपेटी हाय का, की कुनाचंबी पत्र माझ्यात टाकायचं?" "तुमी आधी सांगितलं म्हणून बरं वाटलं, तेवढं खरं," सांडू म्हणाला आणि त्यानं सही केली, ठसठशीत, नावाखाली दोन रेघा ओढून. "चहा घ्या. आन् ज्याचं पत्र हाय त्याला नेऊन द्या."

रविवारी सकाळी तो गारखेड्याच्या रस्त्याला लागला. खड्डे खरोखरच होते. घर शोधावं लागलं नाही, पाटी होती. दार कडुबाच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी उघडलं, आणि त्यांच्या मागून कडुबा आला. केस पांढरे, चष्मा, पण मान किंचित कलती ठेवून बघायची लकब तीच. त्यानं ओळखायला वेळ घेतला नाही. "या, शिंगाडे," तो म्हणाला. या. पुंडलिकला तो एक शब्द खुर्चीवर बसेपर्यंत टोचत राहिला. मुक्ताबाईंनी पाणी दिलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडं एकदा पाहून त्या आत गेल्या. पुंडलिकनं वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "कडुबा, मी त्या दिवशी सही केली," तो म्हणाला. "तुझ्या वहीवर ठेवून."

"माहीत आहे. मी तिथंच होतो."

"तू काही बोलला नाहीस."

कडुबानं चष्मा काढला, लुंगीच्या टोकाला पुसला. "बोललो असतो तर तू रडला असतास," तो म्हणाला. "रडकाच होतास तू. आणि मला तेव्हा तुझी समजूत काढत बसायला वेळ नव्हता, घरी जायचं होतं. घर जळत होतं रे." हे त्यानं आवाज न चढवता म्हटलं. रस्त्यावरून कुणी भंगारवाला ओरडत गेला. पुंडलिक रडला नाही. आपण आता रडायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे, असं काहीतरी त्याला वाटलं आणि त्यानं ग्लासातलं पाणी संपवलं. "तुझा नंबर गेला माझ्यामुळं," तो म्हणाला. "तुझ्यामुळं नाही," कडुबा म्हणाला, "तू काही एवढा मोठा नव्हतास. पण तू होतास त्यांच्यात. ते मी विसरलो नाही आणि विसरणार पण नाही. एवढं तुला चालत असेल तर बस." "चालेल," पुंडलिक म्हणाला. आणि खरंच, चालत होतं. सोळा वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते वाक्य हेच असावं. ते आता इथं, पोपटी भिंतीच्या खोलीत, टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाशेजारी, दोघांच्या मधोमध ठेवलं गेलं होतं, आणि त्याच्याकडं बघता येत होतं. मुक्ताबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "एवढ्या वर्षांनी आले, अन् नुसतं पाणी काय पाजता?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

खाता खाता कडुबानं विचारलं, "सध्या काय करतोस तिथं?" मग पुंडलिकनं योजनेचं सांगितलं, शेडचं, डागांचं. चार महिने आम्ल तपासल्याचं सांगितल्यावर कडुबाच्या बशीतले पोहे हलायला लागले, तो हसत होता. "आधी पाणी तपासायचं, गाढवा. पहिल्या वर्षाला शिकवतात ते." "तू असतास तर आठवड्यात सापडलं असतं," पुंडलिक म्हणाला, आणि हे तोंडदेखलं नव्हतं, हे दोघांनाही कळलं. मग कडुबा उठून आत गेला आणि पँट घालून आला. "लांब आहे का ते शेड? बघू तरी."

रविवारी शेड बंद असायचं, पण सांडू तिथंच मागच्या खोलीत राहायचा. त्यानं पुंडलिकच्या मागं स्कूटरवर बसलेल्या माणसाकडं पाहिलं, पुंडलिककडं पाहिलं, आणि काही न विचारता "जयभीम सर" म्हणून दार उघडलं. कडुबानं जयभीम घातला. आतल्या अंधारात टाक्यांचं हिरवं पाणी स्थिर होतं, आम्लाचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता. कडुबा एकेका टाकीपाशी थांबत, हात मागं बांधून, तपासनिसासारखा पुढं सरकत होता. सांडू मोठ्या उत्साहानं त्याला सगळं दाखवत होता: इथं पॉलिश, इथं आम्ल, इथं निकेल, आन् ही आपली नवी टाकी, शेवटच्या धुण्याची, हिनं वाचवलं आमाला. कडुबानं एक लिव्हर उचलून उजेडात फिरवून पाहिला. स्वच्छ होता. पुंडलिकला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते कौतुक होतं की हेवा, की नुसताच उजेड, ते सांगता आलं नसतं, आणि ते ठरवायची घाईही त्याला वाटली नाही. पत्र्याच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या तिघांच्या अंगावर पडल्या होत्या. आपण इथं उभे आहोत हे बरं आहे, असं त्याला फार साधेपणानं वाटलं.

"सगळं ठीक आहे," कडुबा म्हणाला. "पण धुवून झाल्यावर हे पाणी जातं कुठं?"

सांडूनं मागच्या दाराकडं हात केला. "नालीत. नाली पुढं नाल्यात."

"निकेल घेऊन?"

सांडूनं पुंडलिककडं पाहिलं. पुंडलिकनं सांडूकडं पाहिलं. एवढ्या वह्या, एवढे आलेख, दिल्लीला गेलेली एवढी पानं, त्यात आत येणाऱ्या पाण्याचा थेंबन् थेंब मोजलेला होता. बाहेर जाणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. "नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती हाय," सांडू हळूच म्हणाला. "शेरडंबी पितात तिथं."

"मला माहीत नाही," पुंडलिक म्हणाला. एवढ्या मोठ्यानं आणि इतक्या सहज हे वाक्य तो वर्गात कधी म्हणाला नव्हता. कडुबानं मागचं दार ढकललं आणि तो बाहेर उन्हात गेला, नालीपाशी उकिडवा बसला, चष्मा वर करून पाण्याकडं पाहू लागला. "एखादी बाटली आणा रे," तो न वळता म्हणाला. "झाकणाची. आणि पुंडलिक, तू इकडं ये, वास घे याचा." सांडू बाटली शोधायला आत पळाला, आणि पुंडलिक पँट गुडघ्यापाशी ओढून घेत त्याच्या शेजारी बसला.